फिनिशियन देवांचा तक्ता करू नका

नेटवर कधी फिनिशियन देवांबद्दल, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या देवांबद्दल, शोधून बघा, पाच मिनिटांत एक तक्ता समोर येतो. बाअल म्हणजे पाऊस नि वादळ. अस्तार्ते म्हणजे प्रेम आणि लढाई. एश्मून म्हणजे आरोग्य. मेल्कार्त म्हणजे समुद्र किंवा व्यापार किंवा सूर्य, तक्ता कुणी केलाय त्यावर आहे. शेजारच्या कॉलममध्ये ग्रीक देवाचं नाव, झालं, संपला विषय. मला हे तक्ते बघितले की डोकंच फिरतं. आणि हे मी बोलतेय, जी दिवसभर तक्त्यातच बसलेली असते, टॅक्स कन्सल्टंटकडं नोकरी, लोकांची जीएसटी रिटर्न भरायची, एक्सेलवर तर माझं पोट आहे. तरी सांगते, देवांचं एक्सेल होत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवायला लागू नये. ज्योतिबा कशाचा देव, सांगा बघू? पावसाचा, पिकाचा, लढाईचा? ज्योतिबा वाडी रत्नागिरीचा देव आहे, चैत्रात सासनकाठ्या नाचवत गावंच्या गावं डोंगरावर चढतात आणि सगळा डोंगर गुलालानं भरून जातो, तो आपला आहे एवढंच. अंबाबाई करवीरची. टेंबलाई तिच्यावर रुसून टेकडीवर जाऊन बसली म्हणून दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेकडीवर जाते. आता हे तक्त्यात भरायचं कसं? खातं : रुसवा?

फिनिशियन लोकांचं अगदी असंच होतं. म्हणजे आजच्या लेबनॉनची आणि त्याला लागून सीरियाची किनारपट्टी डोळ्यासमोर आणा, पाठीमागं देवदाराचे डोंगर, पुढं भूमध्य समुद्र, मधे चिंचोळी जमीन, आणि त्या जमिनीवर नाहीतर लगतच्या बेटावर एकेक शहर, अरवाद, बिब्लॉस, बैरुत, सिदोन, सूर (इंग्रजी पुस्तकांत ज्याला टायर म्हणतात ते, तेव्हा बेटावर होतं). प्रत्येकाचा राजा वेगळा, कारभार वेगळा, आणि देव पण वेगळा. फिनिशिया नावाचा एक देश असा कधी नव्हताच, ते नाव ग्रीकांनी बाहेरनं चिकटवलेलं. तिथला माणूस स्वतःला सिदोनचा म्हणायचा नाहीतर सूरचा. आणि बाअल हे पण एका देवाचं नाव नव्हे, बाअल म्हणजे धनी, मालक. बाअल शामेम आभाळाचा धनी, बाअल साफोन साफोन डोंगराचा धनी, पुढं आफ्रिकेत कार्थेजला गेलात की बाअल हम्मोन, तो आणखी निराळा. बायकी रूप बाअलत, बिब्लॉसच्या देवीला नुसतं बाअलत गेबाल म्हणायचे, म्हणजे गेबालची धनीण, गेबाल हे त्या शहराचं खरं नाव. तिचं स्वतःचं नाव काय ते घेतच नाहीत. त्यांच्या हिशेबानं देवाला आधी पत्ता, मग खातं.

सूरचा मेल्कार्त हे तर याचं सगळ्यात मोठं उदाहरण. नावाचाच अर्थ शहराचा राजा. हेरोडोटस नावाचा ग्रीक लेखक इ.स.पू. पाचव्या शतकात मुद्दाम बोटीनं सूरला गेला हे देऊळ बघायला. आत दोन खांब होते असं त्यानं लिहून ठेवलंय, एक शुद्ध सोन्याचा आणि एक पाचूचा, आणि पाचूचा खांब रात्री चमकायचा. त्यानं पुजाऱ्यांना विचारलं देऊळ किती जुनं, ते म्हणाले २३०० वर्षं, शहर वसलं तेव्हाच देऊळ बांधलं. आकडा खरा धरायचा का नाही ते सोडा. देऊळ आणि शहर एकाच दिवशीचं, हे पुजारी ठासून सांगतात ते बघा.

या मेल्कार्तला वर्षातनं एकदा जागं करायचे. जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकारानं एका जुन्या लेखकाचा हवाला देऊन लिहिलंय की राजा हिरामनं, म्हणजे इ.स.पू. दहाव्या शतकात, जुनी देवळं पाडून मेल्कार्तचं आणि अस्तार्तेचं नवं देऊळ बांधलं आणि देवाला जागं करायचा सण पहिल्यांदा त्यानं केला. हा देव मरायचा आणि उठायचा का नुसता झोपायचा यावर अभ्यासक लोकांची भांडणं आहेत. पण बायबलमधे एलिया संदेष्ट्याची गोष्ट वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. कर्मेल डोंगरावर बाअलचे ४५० संदेष्टे सकाळपासनं ओरडतायत, अंगावर वार करून घेतायत, आग काही पडत नाही, आणि एलिया त्यांना चिडवतो की जोरात ओरडा अजून, देव आहे तो, विचारात असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल, उठवायला लागेल. मला तरी वाटतं हा टोमणा हवेत मारलेला नाही, समोरच्यांचा सण माहीत असलेल्या माणसाचा आहे.

आता अलेक्झांडरचा किस्सा. इ.स.पू. ३३२. बाकीची शहरं शरण आली, सूरनं पण दूत पाठवले, गोड बोलले. अलेक्झांडर म्हणाला मला तुमच्या मेल्कार्तला बळी द्यायचाय, तो म्हणजे आमचा हेराक्लीसच आहे, माझा पूर्वज. सूरवाले म्हणाले जरूर द्या, पण पलीकडं किनाऱ्यावरच्या जुन्या सूरमधे देऊळ आहे तिथं द्या, बेटावर आम्ही पर्शियनही घेत नाही आणि मॅसिडोनियनही घेत नाही. कारण उघड आहे, शहराच्या राजाला शहरात येऊन बळी देणारा माणूस कोण? तो नवा राजाच झाला की. देवाच्या आडून हे सगळं राजकारण चाललेलं दोन्ही बाजूंना कळत होतं. अलेक्झांडर भडकला, सात महिने वेढा घातला, समुद्रात दगड-लाकूड टाकून बेटापर्यंत रस्ता बांधला. त्या भरावाला दोन्ही बाजूंनी वाळू साठत गेली आणि आज सूर बेट राहिलेलंच नाही, जमिनीला जोडलेलं आहे. नकाशावर बघा, कळतं.

आणि वेढ्यातली खरी गोष्ट पुढंच आहे. सूरमधे अपोलोचा एक मोठा पुतळा होता, कार्थेजवाल्यांनी सिसिलीतनं लुटून मायशहराला भेट पाठवलेला. वेढा चालू असताना कुणाला तरी स्वप्न पडलं की अपोलो शहर सोडून चाललाय. मग काय, लोकांनी पुतळ्याला सोन्याच्या साखळ्या बांधल्या आणि साखळीचं दुसरं टोक मेल्कार्तच्या वेदीला. पाहुणा पळून जाऊ नये म्हणून घरच्या देवाला धरायला लावलं! आपल्याकडं नुसते देव पाण्यात घालून बसतात, यांनी साखळीच घातली. एकापेक्षा जास्त जुन्या लेखकांनी हे लिहून ठेवलंय. शहर पडल्यावर अलेक्झांडरनं आधी अपोलोच्या साखळ्या सोडवल्या, मग मेल्कार्तला थाटात बळी दिला, सैन्याची मिरवणूक काढली. त्या देवळात आसऱ्याला बसलेला राजा आणि सणासाठी आलेले कार्थेजचे पाहुणे, त्यांना मात्र सोडून दिलं.

हे कार्थेजचे पाहुणे दरवर्षी यायचे. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिसजवळचं शहर, परंपरेनं इ.स.पू. ८१४ मधे सूरहून पळून गेलेल्या एलिसा राणीनं वसवलेलं, तिचा नवरा मेल्कार्तचाच मोठा पुजारी होता म्हणतात. लेकीचं घर कितीही मोठं झालं तरी माहेरच्या देवाला उत्पन्नाचा दहावा हिस्सा जायचा. पुढं कार्थेजकडं इतका पैसा आला की हिस्सा द्यायला जिवावर यायला लागलं, मग थोडंथोडं कमी पाठवायला लागले (हे मानवी आहे हो, मला रोज दिसतं). आणि इ.स.पू. ३१० मधे सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा अगाथोक्लीस फौज घेऊन थेट आफ्रिकेत उतरला तेव्हा यांची पाचावर धारण बसली. देव कोपला, का तर थकबाकी! लगोलग मोठी रक्कम आणि देवळांतली सोन्याची छोटी देवघरं सूरला रवाना. व्याजासकट. हे डायोडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहितो, आणि त्याच पानावर तो दुसरं पण एक लिहितो, त्याच्याकडं येतेच.

हे सगळं मी जेवताना घरात सांगत असते, ऐकणारं कुणी असो नसो. सासूबाई मात्र ऐकतात. मधेच म्हणाल्या, "आगं पन त्यो देव नवसाला पावायचा का न्हाई?"

"पावायचा की आई. दगडावर कोरून ठेवलंय."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि ताक वाढायला लागल्या. आणि मला वाटलं, पन्नास तक्त्यांत नाही तो प्रश्न यांनी एका घासाला विचारला. कारण फिनिशियन आणि कार्थेजच्या देवांबद्दल आपल्याकडं कथा फार थोड्या, पण नवसाचे दगड हजारोंनी. मजकूर बहुतेक एकच, बाईसाहेब तानित आणि धनी बाअल हम्मोन यांना, अमक्याच्या पोरानं अमक्यानं नवस केला होता तो फेडला, कारण देवानं त्याचा आवाज ऐकला आणि त्याला आशीर्वाद दिला. वर तानितची खूण, एक त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, रेघेवर गोल, लहान पोरानं काढलेल्या बाईसारखी. एवढंच. हजारो वेळा एवढंच.

आईंना पुढचं सांगितलं नाही. हे दगड जिथं सापडले ती जागा म्हणजे कार्थेजचं ‘तोफेत’, मडकी पुरून वर दगड उभे करायचं आवार, १९२१ साली सापडलं. दगडाखाली मडकी, आणि मडक्यात जळलेली हाडं, काही कोकरांची आणि बरीचशी अगदी तान्ह्या बाळांची. डायोडोरस म्हणतो की त्याच ३१० च्या संकटात लोकांना आठवलं आपण देवाला स्वतःची मुलं द्यायच्याऐवजी विकत घेतलेली देत होतो, मग बड्या घरातली २०० मुलं दिली. आता डायोडोरस ग्रीक, कार्थेज ग्रीकांचं वैरी, आणि तो लिहितोय अडीचशेच्या वर वर्षांनी. काही अभ्यासक म्हणतात ही मुळात आजारानं गेलेल्या, पोटात गेलेल्या बाळांची दफनभूमी होती, काही म्हणतात नाही, दगडावर नवस लिहिलाय तर बळीच होता, दोन्हीकडं हाडांचे आणि दातांचे रिपोर्ट आहेत. माझं मत विचाराल तर दगडावरचे शब्द मला टाळता येत नाहीत, नवस फेडला असं स्वच्छ लिहिलंय, आणि कोकराची हाडं त्याच पद्धतीनं त्याच मडक्यात आहेत. पण म्हणून त्या लोकांना राक्षस ठरवून मोकळं व्हायचं हे पण मला जमत नाही. एवढंच लिहून पुढं जाते.

पुढं म्हणजे माझ्या आवडत्या दगडाकडं. १८४५ साली फ्रान्समधे मार्सेय बंदरात एक कोरीव शिळा सापडली, मूळची कार्थेजची, बाअल साफोनच्या देवळातली, आणि ती चक्क रेटकार्ड आहे. खरंच रेटकार्ड. वर त्या वर्षीच्या बड्या अधिकाऱ्यांची नावं, म्हणजे मंजुरी झालेली, आणि खाली दर. अख्खा बैल असेल तर पुजाऱ्यांना चांदीचे १० शेकेल. वासरू असेल तर ५. मेंढा किंवा बोकड असेल तर १ शेकेल आणि वर थोडी चिल्लर. पाखरू असेल तर आणखी कमी. कुठल्या प्रकारच्या बळीत मांसाचा कुठला भाग पुजाऱ्याचा, आणि कातडं, पाय, उरलेलं मटण यजमानाचं, सगळं खुलासेवार. त्याखाली, ज्याच्याकडं जनावर नाही पाखरू नाही अशा गरिबानं काही वाहिलं तर त्यातनं पुजाऱ्यानं काहीही घ्यायचं नाही. आणि या दरापेक्षा जास्त जो पुजारी घेईल त्याला दंड.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसात होते, महिन्याची वीस तारीख, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची धावपळ, आणि मी हसत बसले. कारण दंडाचं कलम कुणी उगीच दगडावर कोरत नाही. कुणीतरी जास्त घेत होतं, कुणाशी तरी पायरीवर बाचाबाची झाली होती, कुणीतरी तक्रार घेऊन वर गेलं होतं, तेव्हा हा बोर्ड लागला. कुठल्याही पुराणकथेपेक्षा मला हा दगड त्या देवळाच्या जास्त जवळ नेतो, बकऱ्याला धरून उभा असलेला माणूस दिसतो, बोर्ड वाचता येत नाही म्हणून शेजारच्याला विचारणारा.

असंच एक कलमांचं प्रकरण अश्शूरच्या, म्हणजे असीरियाच्या, राजाबरोबरचं. इ.स.पू. सातव्या शतकात एसरहद्दोननं सूरच्या राजाशी करार केला, कुठलं बंदर कुणाचं, जहाज फुटलं तर माल कुणाचा, असलं सगळं. आणि शेवटी करार मोडला तर काय, त्यात दोन्हीकडचे देव साक्षीला. सूरच्या बाजूनं बाअल शामेम, बाअल मलागे आणि बाअल साफोन यांनी यायचं आणि जहाजांवर वाईट वारा सोडायचा, दोर सोडवायचे, जहाज बांधायचा खुंटा उपटायचा, मोठ्या लाटेनं बुडवायचं. अस्तार्तेनं लढाईत धनुष्य मोडायचं. मेल्कार्त आणि एश्मून यांनी देश उद्ध्वस्त होऊ द्यायचा. म्हणजे आपल्याच देवांकडून आपल्यालाच पेनल्टी. आणि त्यातली वाऱ्याची आणि खुंट्याची कलमं बघा, हे देव दर्यावर्दी माणसांचे आहेत हे तिथं कळतं, "समुद्राचा देव" असा शिक्का मारून नाही कळत.

सिदोनला गेलं की मेल्कार्त मागं पडतो, तिथं एश्मून. शहराबाहेर नदीजवळ, झऱ्याकाठी त्याचं मोठं देऊळ, अवशेष अजून आहेत. एश्मूनची गोष्ट आपल्यापर्यंत एकाच उशिराच्या लेखकाकडनं आलीय, दमास्कियस म्हणून, इ.स. सहाव्या शतकातला. बैरुतचा देखणा पोरगा, शिकारीला जायचा, देवी त्याच्या मागं लागली, पळून पळून दमला तेव्हा कुऱ्हाडीनं स्वतःलाच नपुंसक करून घेतलं, मेला, आणि देवीनं ऊब देऊन त्याला परत उठवलं आणि देव केलं. ग्रीक लोक त्याला त्यांचा वैद्यदेव अस्क्लेपिअस समजायचे. पण गोष्टीपेक्षा देवळात काय सापडलं ते बघण्यासारखं आहे, संगमरवरी लहान मुलं. गुबगुबीत, दीड-दोन वर्षांची, जमिनीवर एक हात टेकून बसलेली. आईबापांनी पोर बरं व्हावं नाहीतर बरं झालं म्हणून वाहिलेली. एकावर लेख आहे, राजघराण्यातला बाअलशिल्लेम आपल्या बापाआजांची नावं सांगून म्हणतो हा पुतळा माझ्या धन्याला, एश्मूनला, झऱ्यापाशी, त्यानं आशीर्वाद द्यावा. राजाच्या घरात पण पोरं आजारी पडायचीच.

त्याच सिदोनचा राजा एश्मूनअझार दुसरा, त्याची शवपेटी १८५५ साली सापडली. काळ्या दगडाची, इजिप्तमधे घडवलेली, आणि त्यावर २२ ओळींचा मजकूर. बोलतो कोण तर मेलेला राजा स्वतः, माझी वेळ व्हायच्या आधीच मला ओढून नेलं, मी विधवेचा पोरका पोर. मग त्यानं आणि त्याच्या आईनं (ती अस्तार्तेची पुजारीण) कुठंकुठं देवळं बांधली त्याची यादी. आणि मग तळतळून, ही पेटी उघडू नका, आत काही शोधू नका, इथं काही ठेवलेलं नाही, जो उघडेल त्याला खाली मूळ नसो वर फळ नसो. पेटी आता पॅरिसमधे लूव्हर म्युझियमला आहे.

बिब्लॉसचं मी सगळं सांगत बसत नाही, फक्त अडोनिस. गोष्ट सगळ्यांना ग्रीक रूपात माहीत असते, देखणा तरुण, रानडुकरानं मारला, देवीनं शोक केला. अडोन म्हणजे स्वामी, परत तेच, नाव नाहीच. लेबनॉनच्या डोंगरात अफका इथं कड्यातनं नदी फुटते आणि बिब्लॉसजवळ समुद्राला मिळते, आज तिला नहर इब्राहीम म्हणतात. वर्षातनं एकदा पाणी लाल व्हायचं, लोक म्हणायचे अडोनिस जखमी झाला, त्याचं रक्त, आता शोक करायचा. ग्रीक भाषेत लिहिलेलं सीरियन देवीबद्दलचं एक जुनं वर्णन आहे, लूशियनच्या नावावर, त्यात हा लेखक बिब्लॉसला जातो आणि त्याला तिथलाच एक माणूस भेटतो, तो म्हणतो अहो रक्तबिक्त काही नाही, डोंगरातली माती फार लाल आहे, त्या दिवसांत वारा सुटतो आणि माती नदीत पडते. लेखक म्हणतो असेलही, पण वारा बरोबर त्याच वेळी सुटतो हे मला तरी दैवीच वाटतं. मला हा बिब्लॉसवाला फार आवडतो, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, देवाच्या गावातच राहणारा, आणि बहुतेक शोकाच्या मिरवणुकीत पण जात असणार, का नाही जाणार. ग्रीस देशात बायका अडोनिससाठी फुटक्या मडक्यात गहू, सातू, बडीशेप पेरून गच्चीवर ठेवायच्या, भराभर उगवायचं आणि उन्हानं कोमेजायचं, मग विसर्जन. नवरात्रात घट बसवणाऱ्या बाईला याचं चित्र काढून दाखवायला लागत नाही. नातं जोडू नका पण, व्हॉट्सॅपवर तेवढंच राहिलंय.

आता कुणी म्हणेल हे सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं, ग्रीक, रोमन, ज्यू, त्यांच्या स्वतःच्या कथा कुठायत? तेच तर दुखणं आहे. ज्यांच्या बावीस अक्षरांवरनं ग्रीकांनी लिपी घेतली त्यांनी स्वतः लिहिलं पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, आणि दमट किनाऱ्यावर पपायरस टिकत नाही. उरले ते दगड, आणि दगडावर माणूस नवस लिहितो, शाप लिहितो, दर लिहितो. कथा लिहीत नाही. बिब्लॉसचा फिलो म्हणून एकजण इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकात ग्रीकमधे लिहून गेला, म्हणाला मी सांखुनियाथोन नावाच्या अतिप्राचीन फिनिशियन लेखकाचं भाषांतर करतोय, त्याचंही पुस्तक गेलं, तुकडे राहिले ते एका ख्रिस्ती बिशपच्या ग्रंथात, आणि त्यानं ते घेतले टीका करायला.

पण १९२८ साली उत्तर सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर थडग्याच्या दगडाला अडकला. पुढच्या वर्षी फ्रेंच लोकांनी खोदाई सुरू केली आणि उगारीत शहर निघालं, मातीच्या विटांवर लिहिलेल्या कथांसकट. उगारीत फिनिशियन नव्हे, हे शहर इ.स.पू. ११८५ च्या आसपास जळून गेलं, सूर-सिदोनची भरभराट त्यानंतरची. पण देव त्याच कुळातले, आणि इथं ते बोलतात, भांडतात, लाच खातात.

देवांचा म्हातारा मुखिया एल, त्याच्या सभेत समुद्रदेव यामचे दूत येतात, म्हणतात बाअलला आमच्या ताब्यात द्या, आणि सगळे देव गुडघ्यात मान घालून बसतात. बाअल भडकतो. एल तर देऊन पण टाकतो. मग कारागीर देव कोथार बाअलला दोन सोटे करून देतो, प्रत्येकाला नाव ठेवतो, पहिला खांद्यावर बसतो, याम हलत नाही, दुसरा दोन डोळ्यांच्या मधे, याम कोसळतो. आता बाअल जिंकला, पण त्याला स्वतःचं घर नाही! सगळ्यांना घरं आहेत, मलाच नाही, हीच रड. बहीण अनात एलकडं जाऊन धमकावते, तुझी पांढरी दाढी रक्तानं भिजवीन. तरी काम होत नाही. मग एलची बायको अथिरात, तिच्यासाठी सोन्याचांदीचा नजराणा घेऊन जातात. लांबनं बाअल आणि अनात ही दोघं येताना दिसतात तेव्हा ती घाबरते, आपल्या पोरांना मारायला आले का काय, आणि मग चांदी चमकलेली दिसते तेव्हा खूश. गाढवावर बसून एलकडं जाते, परवानगी आणते. आता घर बांधताना कोथार म्हणतो खिडकी ठेवू, बाअल म्हणतो नको. कोथार म्हणतो नंतर माझंच ऐकशील. घर होतं, वास्तुशांत होते, आणि बाअल म्हणतो, ती खिडकी काढच. त्या खिडकीतनं ढग फाटतात आणि त्याचा गडगडाट बाहेर पडतो.

मग मोत, मरण. एक ओठ जमिनीला, एक आभाळाला, तो बाअलला गिळतो. एल सिंहासनावरनं उतरून जमिनीवर बसतो, डोक्यावर माती घालतो. रिकाम्या गादीवर अथ्तर म्हणून एकाला बसवून बघतात तर त्याचे पाय खाली पोचत नाहीत आणि डोकं वर पोचत नाही, बिचारा गुपचूप उतरतो. शेवटी अनात मोतला धरते, तलवारीनं चिरते, चाळणीनं चाळते, आगीत भाजते, जात्यावर दळते आणि शेतात पेरते. खळ्यावरचं सगळं काम तिनं मरणावर केलं. एलला स्वप्न पडतं, आभाळातनं तेल पडतंय, ओढ्यांना मध आलाय, म्हणजे बाअल जिवंत. सात वर्षांनी मोत परत येतो, दोघं बैलांसारखे धडकतात, कुणीच हरत नाही, सूर्यदेवी मोतला दटावते तेव्हा तो गप बसतो. लिहिणाऱ्याचं नाव पण आहे शेवटी, इलिमिल्कू. भावानं काय लिहिलंय राव, नाद खुळा.

आता गावातलं. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला जुन्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या त्यात पोसायडनची छोटी मूर्ती आहे, रोमन काळातली, आपल्या टाउन हॉल म्युझियममधे. सीपीआर हॉस्पिटलला पेशंट बघायला जाणाऱ्या किती लोकांना माहीत आहे की समोरच्या बागेत ग्रीकांचा समुद्रदेव आहे, आणि तो समुद्रापासनं सह्याद्री ओलांडून इथं आलाय? ती मूर्ती फिनिशियन नाही, कुणी तसं शेअर करू नका. पण पोसायडन हे नाव फिनिशियन लोक पण वापरत होते, बैरुतवाले आपल्या गावच्या समुद्रदेवाला ग्रीक लोकांसमोर पोसायडनच म्हणायचे, त्यांच्या नाण्यांवर पण तो आहे. फिलोच्या कथेत बैरुत शहर पोसायडनलाच नेमून दिलेलं आहे.

ग्रीसमधे डेलॉस बेटावर इ.स.पू. दुसऱ्या शतकात बैरुतच्या व्यापाऱ्यांची, जहाजवाल्यांची आणि गोदामवाल्यांची एक संस्था होती, नावच बैरुतच्या पोसायडन-भक्तांचं मंडळ. स्वतःची इमारत, आत देवघरं, अंगण, बैठकीची जागा. परगावी धंदा करायचा तर गावचा देव बरोबर न्यायचा आणि त्याच्या नावानं मंडळ काढायचं. तर या मंडळाचं बांधकाम पैशाअभावी अडकलं, कर्ज काढलेलं, आणि ज्याचं देणं होतं तो रोमन सावकार मार्कस मिनातियस यानं व्याज सोडून दिलं, वर स्वतःची देणगी पण दिली. मंडळानं रीतसर ठराव केला, तो दगडावर आहे, सावकाराचा पुतळा आवारात उभा करायचा, सोन्याचा मुकुट द्यायचा आणि वर्षातनं एक दिवस त्याच्या नावानं साजरा करायचा. मला विचाराल तर व्याज सोडणाऱ्याला हे काहीच नाही, मी तर त्याला त्या देवघरातच बसवला असता.